९ तारखेला गरोदर मातांसाठी फ्लूची लस – सर्व आशाताईंसाठी

ताईंनो, नमस्कार. येत्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीबरोबरच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लूची लस दिली जाईल. वेळ सकाळी १० ते दुपारी १. लस मोफत आणि ऐच्छिक आहे.

- चौथा महिना लागलेल्या व त्यापुढच्या सगळ्या मातांची यादी ७ तारखेपर्यंत मला वेगळी पाठवा. ग्रुपवर नावे टाकू नका.
- माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवेच.
- अंगात ताप असेल किंवा आधी कुठल्या लसीने जास्त त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायचे.
- लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायचे.

घरोघरी एकच उत्तर मिळते: "इंजेक्शन झालंय की माझं!" ते धनुर्वाताचे असते. ही लस वेगळी, हे कार्ड उघडून दाखवा. "बाळाला काही होईल" ही भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नका. या लसीतले विषाणू मेलेले असतात, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला आईकडूनच संरक्षण मिळते. हा मुद्दा सासूबाईंसमोर बोला. बहुतेक घरांत होकार तिथूनच येतो.

कुणी नकार दिला तर कारण वहीत लिहा, वाद नको.