सा कुठाय, असं विचारणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचा नातू हे मोबाइलवर वाचून दाखवेलच. तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मला परत पाऊल ठेवता येणार नाही, एवढं तुम्हाला ओळखतो. पण आभार चारचौघांतच मानायचे होते, कारण सांगलीत माझ्यासारखी स्केलच्या, म्हणजे कुठले सूर वाजवायचे त्या संचाच्या, नावाने डोकं खाजवत बसलेली गिटारवाली पोरं बरीच आहेत.

त्या दिवशी मी आलो होतो तो गिटारचा तुटलेला नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, बदलायला. इकडच्या दुकानात आठ दिवस थांबा म्हणाले आणि आमचा कार्यक्रम होता सहाव्या दिवशी. तुम्ही तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता आवाज, काढत होता. मान वर न करता नटला तुमच्या भाषेत म्हणालात, "तारगहन व्हय? ठेव तिथं." तासाभरात हाडाचा तुकडा घासून बसवलात आणि वाजवून बघ म्हणालात.

आमच्या गाण्यात तीनच पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-दोन सूर एकत्र: ई, जी आणि ए. मोबाइलवर रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, लावली आणि वर सोलो सुरू केला. कॉर्ड बदलली की स्केल बदलायचं, एवढंच माझं गणित. ईवर ईचं मायनर पेंटॅटॉनिक हे पाच सुरांचं स्केल, जीवर जीचं, एवर एचं. बोटं झकास पळत होती. ऐकायला मात्र तीन वेगळ्या गाड्यांची वाट बघणारी माणसं स्टँडवर एका बाकावर बसल्यासारखं वाटत होतं.

तुम्ही कानस खाली ठेवलीत. "तुझा सा दर वेळी बदलतोय का रे?"

खरं सांगतो, राग आला होता. रॉकमध्ये कसला आलाय सा, बाकीचे सूर ज्यावरून मोजायचे तो! पण तुम्ही मोबाइल बंद करायला लावलात, ई म्हणजे पेटीची पांढरी तीन ना एवढं विचारलंत आणि कोपऱ्यातला लहान तंबोरा त्या पट्टीत लावून माझ्या कानापाशी धरलात. प, सा, सा आणि खालचा सा. आणि माझी ट्यूब पेटली. ई पॉवर कॉर्डमध्ये काय असतं? ई आणि बी, म्हणजे सा आणि प, बस्स. इतकी वर्षं मी हातात तंबोराच छेडत होतो आणि मला पत्ता नव्हता!

ग दोन्हीकडे नाही. म्हणून तर पॉवर कॉर्ड ना मेजर (शुद्ध ग), ना मायनर (कोमल ग). डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला की, सा आणि प एकमेकांत मिसळतात तेव्हा खाली आणखी एक सा घुमतो, म्हणून तो आवाज भरदार येतो. त्यात ग घातला तर चिखल होतो. पुढच्या खेपेला मी छोटा अँप आणि पेडल आणलं तेव्हा पहिली कॉर्ड ऐकून तुम्ही म्हणालात, "जवारी जरा जास्तच काढलीस की." डिस्टॉर्शनचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

मग तुम्ही माझ्याकडून तिन्ही कॉर्डचे सूर मोजून घेतलेत. ई-बी, जी-डी, ए-ई. सा धरून म्हटलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी. "ही तर धानी," तुम्ही रागाचं नाव घेतलंत. मी म्हटलं, हे तर ई मायनर पेंटॅटॉनिक! म्हणजे स्केल त्या तीन कॉर्डमध्येच होतं आणि मी ते बाहेरून आणून, तेही तीन-तीन, वर लादत होतो. जीच्या स्केलमधला एफ म्हणजे आमच्या सा-ला कोमल रे आणि बी फ्लॅट म्हणजे तीव्र म. खटकणार नाही तर काय!

"सा नको बदलू, थांबायची जागा बदल." हे वाक्य मी गिटारच्या केसवर आतून लिहून ठेवलंय. जीवर आलं की जी किंवा डीवर थांबतो, एवर आलं की ए किंवा ईवर. पाच सूर तेच.

आमचं दुसरं गाणं ई, डी, ए असं आहे. सूर मोजले तर ई, बी, डी, ए. ग कुठेच नाही! पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याला कोमल ग, चौथ्याला शुद्ध, आणि कॉर्ड दोन्हींना हो म्हणते. अर्धा तास नुसता हाच खेळ चालला होता. कडव्याला कोमल ठेवला, शेवटी शुद्ध घेतला तेव्हा ड्रमर वाजवता वाजवता हसला. तिसऱ्या गाण्यात सी येतो, म्हणजे कोमल ध. तिथं मी सी शार्पला, म्हणजे शुद्ध ध-ला, हात लावत नाही. आणि कोमल ग थोडा वर ओढून मधेच सोडायचा, ज्याला आम्ही बेंड म्हणतो, त्याला तुम्ही मींड म्हणालात आणि सतारीवर ती इतकी लांब खेचून दाखवलीत की माझी बोटं मला बालवाडीतली वाटली.

एका बाबतीत मात्र पटलं नाही. वेगाने वाजवणं म्हणजे नुसती घाई, असं तुम्ही म्हणता. काही वेळा घाईच हवी असते, चाचा.

नटचे पैसे घेतलेत, या शिकवण्याचे नाही. त्या दिवशी शेवटच्या बसच्या गडबडीत मी धड आभारही मानले नव्हते. रविवारी भडंग घेऊन येतो. बरोबर आमचा बेसवालाही येईल. त्याचा सा कुठाय, हे त्याला अजून माहीत नाही.

तुमचा,
सांगलीचा गिटारवाला