‘26 हात’ जसंच्या तसं लिहून घेणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शिवाराचा नकाशा तुम्ही नीट करून दिलात, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. त्यात किती होतं ते आमच्या गावाला माहीत आहे.

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठाला. काळ्या पाषाणाचा मुलूख. एका विहिरीला बारमाही पाणी आणि दोन शेतं सोडून खोदलेली ठणठणीत कोरडी, हे आमच्याकडे नवीन नाही. म्हणून पाणी समितीने घरोघरी वर्गणी काढून शिवाराची मोजणी करून घेतली. जमिनीची उंची कुठं किती आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास विहिरींतलं पाणी किती खोल. बंधारा कुठं घालायचा ते त्यावरूनच ठरणार होतं. त्या वर्गणीत निंदणीला जाणाऱ्या बायांच्या मजुरीचे पैसेही होते, हे मुद्दाम सांगतो.

मोजणीवाल्यांनी पेन ड्राइव्ह हातात ठेवला. आत मजकुराच्या फाइली, वर चार-पाच ओळी आणि खाली नुसते आकडेच आकडे. सोबत दिलेला नकाशा एकाच रंगाने भरलेला. सगळं शिवार सारखंच! तक्रार केली तेव्हा ‘दुरुस्त’ नकाशा आला. त्यात रंग होते, पण उतार दक्षिणेकडे. बोरी उत्तरेला अमळनेरकडे जाते आणि पुढं तापीला मिळते, हे आमच्याकडच्या गुरं चारणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. हे बोललो तर उत्तर मिळालं, "डेटा बरोबर आहे, तुम्हाला नकाशा वाचता येत नाही." दुसऱ्या एका जाणकाराने फाइल न उघडताच महागडं सॉफ्टवेअर घ्या म्हणून सांगितलं. तिसऱ्याने पेन ड्राइव्ह ठेवून घेतला आणि फोन उचलणंच बंद केलं. काम येत नसेल तर तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही. पण चुकीचा नकाशा हातात देऊन वर गावालाच अडाणी ठरवायचं, याचा राग अजून गेलेला नाही. त्या नकाशावर विसंबून बंधारा बांधला असता तर तो भलत्याच टोकाला गेला असता.

मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं आणि मी धुळ्याला तुमच्याकडे आलो.

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही. समजलं तेवढं लिहितो, कारण अशा फाइली घेऊन फिरणारे आणखीही लोक असतील. मूळ फाइल ‘सर्फर’ या सॉफ्टवेअरमधली होती. तिच्यात आकड्यांची पहिली ओळ दक्षिणेकडची असते. ज्या दुसऱ्या प्रकारात ती बदलून दिली होती, त्यात पहिली ओळ उत्तरेची धरतात. कुणीतरी फक्त वरच्या ओळी बदलल्या आणि खालचे आकडे होते त्याच क्रमाने ठेवले. झालं, सगळं शिवार उलटं! जिथं मोजणी नव्हती तिथं मूळ फाइलमध्ये एक अगडबंब 39 अंकी संख्या असते, ‘इथं माहिती नाही’ एवढंच सांगणारी. तीही खरी खोली म्हणून धरली गेली, म्हणून पहिला नकाशा एकरंगी. शिवाय नकाशा ज्या छोट्या चौकटींचा बनतो, त्यातल्या चौकटीचा मध्य आणि चौकटीचा कोपरा यांत गल्लत झाल्याने सगळा नकाशा 25 मीटर सरकलेला. 25 मीटर म्हणजे आमच्याकडे बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात. तुम्ही मूळ फाइल सरळ क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलीत, पृथ्वीवर जागा ठरवायच्या यूटीएम पद्धतीतला आपल्या भागाचा 43 उत्तर हा पट्टा सांगितलात आणि शिवार जागेवर बसलं. क्यूजीआयएसला एक पैसा लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पण ताई, मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. हुशार माणसं आम्हाला आधीही भेटली होती.

नकाशा तयार झाल्यावर तुम्ही "झालं" म्हणाला नाहीत. विचारलंत, "दादा, यातली एखादी विहीर सांगा, जिचं पाणी कुणाला तोंडपाठ आहे." मी आबांचं नाव घेतलं. आबा दर आखाजीला आपल्या विहिरीत दोर सोडतात आणि पाणी लागेल तिथं दोराला गाठ मारतात, कितीतरी वर्षांपासून. तुम्ही लगेच फोन लावायला सांगितलात. स्पीकरवर तुम्हीच अहिराणीत विचारलंत, "आबा, आखाजीले पानी कितलं खोल व्हतं?" आबा म्हणाले, "थांब बेटा, दोर पाही सांगस." दोर मळ्यात. आबा चालत निघाले आणि तुम्ही फोन चालू ठेवून बसून राहिलात. ऑफिस बंद करायची वेळ होऊन गेली, शिपाई दोनदा डोकावून गेला. "नंतर कळवा" हे दोन शब्द तुम्ही सहज म्हणू शकला असता.

आबांनी सांगितलं, 26 हात. मीटरमध्ये सांगा, असं तुम्ही म्हणाला नाहीत. वहीत ‘26 हात’ असंच लिहिलंत, मग त्यांच्या हाताची लांबी विचारलीत, आणि मग शेजारी हिशेब मांडलात. बारा मीटरच्या थोडं आत. नकाशावर त्याच जागी बोट ठेवलंत, तिथंही तेवढंच. तेव्हा कुठं तुमचा चेहरा खुलला. शेवटी नकाशावर ठिपका देऊन तुम्ही लिहिलंत, ‘आबांची विहीर, 26 हात’. ज्यांना नकाशा वाचता येत नाही म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं, त्यांच्याच आकड्यावर तुम्ही तुमचा नकाशा तपासून घेतलात.

तुमच्या धुळे-साक्रीकडे पांझरा नदीवर फडाची पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने गावाने मिळून वाटून घेण्याची रीत, काही शतकं चालत आली. पाटाच्या शेपटाकडच्या शेताला त्याच्या वाटणीचं पाणी पोचलं की नाही, हे जाऊन बघणारा माणूस त्या व्यवस्थेत नेमलेला असायचा. तुमचं काम बघताना मला तोच आठवला. शिकलेल्या माणसाने समोरच्याची मोजमापं हलकी न मानणं ही फार मोठी सज्जनता आहे. ती पदवीबरोबर मिळत नाही, आणि पगारात धरलेलीही नसते. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची कामं मार्गी लागतात.

ग्रामसभेत नकाशा लावला तेव्हा आधी प्रत्येकाने आपलं शेत शोधलं, आणि मगच बंधाऱ्याची चर्चा सुरू झाली. जागा ठरली आहे, वरच्या अंगाला, आणि ठराव एकमताने झाला. आता आणखी विहिरींचे मालक दोराला गाठी मारायला तयार आहेत. पुढच्या आखाजीला ते सगळे आकडे, हातांतच, तुमच्याकडे पाठवू. शक्य झालं तर तेव्हा गावालाच या. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस केल्याशिवाय आबांच्या घरचे तुम्हाला सोडणार नाहीत.

आपला,
बोरीकाठच्या पाणी समितीचा एक कार्यकर्ता