काशीतल्या अनोळखी माणसांचे आभार

काशीला एकटीच गेले होते. गोदौलियाच्या पुढे रिक्षा जाईना, तेव्हा दशाश्वमेधपर्यंत माझी बॅग उचलून चालणाऱ्या कॉलेजच्या मुलाचे आभार. नाव विचारायच्या आत तो गर्दीत दिसेनासा झाला. मणिकर्णिकेवर चितेच्या लाकडांसाठी म्हणून माझ्याकडे पैसे मागणाऱ्याला दटावून हाकलणाऱ्या चहावाल्या काकांचेही. मोबाइल लॉकरमध्ये ठेवून येईपर्यंत विश्वनाथाच्या रांगेत माझी जागा धरणाऱ्या आजी तर विसरणं शक्यच नाही. हे मंदिर १७८० मध्ये आमच्या अहिल्याबाईंनी बांधलं, असं मोडक्या हिंदीत सांगितल्यावर त्यांनी मलाच नमस्कार केला! आणि पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीत वीज गेल्यावर टॉर्च धरून रस्त्यापर्यंत सोडणाऱ्या ताई, तुम्हाला मनापासून धन्यवाद. तुमच्या कुत्र्याने मात्र शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला नाही.