गोलरक्षक मुलास पत्र

डिचोली, गोवा

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या फुटबॉल संघात खेळायचे नाही, असे तू फोनवर आईला सांगितल्याचे कळले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत यंदा तुमच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही आणि प्रत्येक वेळी चेंडू तुझ्याच हातांजवळून जाळ्यात गेला, तेव्हा तुझे मन उडाले असेल तर त्यात नवल नाही. तरीही निर्णय पक्का करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावेस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

म्हापशाचा शेवटचा सामना मी कठड्यापाशी उभा राहून पाहिला. मध्यंतरापर्यंत खेळ बरोबरीचा होता. पुढे मधली फळी मागे परतेनाशी झाली, कारण प्रॅक्टिकलमुळे राखीव खेळाडू आलेच नव्हते आणि दमलेल्या त्याच पोरांना शेवटपर्यंत धावावे लागले. डावीकडून कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेला फटका, आला तेव्हा गोलच्या जवळच्या खांबापाशी तुमचे कोणीच नव्हते. दोघे बचावपटू एकमेकांकडे पाहत राहिले, तू रेषेवरून एक पाऊल पुढे टाकून थबकलास आणि तेवढ्यात त्यांच्या पोराने डोके लावले. हा गोल एकट्या गोलरक्षकाच्या माथी मारणे मला मुळीच मान्य नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. हंगामाच्या सुरुवातीला तुझा आवाज पार मैदानाबाहेर ऐकू यायचा. कोणी कोणाला धरायचे, खांबावर कोणी जायचे, हे तू ओरडून सांगायचास. सामने हरत गेलात तसतसा तू गप्प होत गेलास. सगळे मैदान समोर दिसते ते गोलरक्षकाला, आणि त्यानेच बोलणे सोडले तर पहिल्या वर्षाच्या त्या नवख्या बचावपटूंनी कोणाच्या भरवशावर खेळावे? माझ्या मते तुमच्यावर झालेले निम्मे गोल या गप्प राहण्यातून झाले, आणि ते सुधारणे सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला, तेव्हा तू लहान होतास. आपला एफसी गोवा चेन्नईयिन संघाविरुद्ध 2-1 असा पुढे होता. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचाच गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल, म्हणजे आपल्याच जाळ्यात गेलेला गोल, लागला, पाठोपाठ भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनने तिसरा गोल केला आणि चषक गेला. आपल्याच माणसांसमोर, घरच्या मैदानावर असे घडल्यावर गोलरक्षकाचे काय होत असेल, हे तुला वेगळे सांगायला नको. पुढच्या हंगामात तर गोवा तळाला राहिला. हाच कट्टीमनी 20 मार्च 2022 रोजी हैदराबादकडून त्याच फातोर्ड्यात अंतिम सामन्याला उभा राहिला आणि केरळा ब्लास्टर्सचे तीन पेनल्टी फटके अडवून त्याने संघाला चषक मिळवून दिला. मला त्या तीन फटक्यांपेक्षाही मधल्या सहा वर्षांचे मोल अधिक वाटते. त्या काळात त्याने संघ बदलला, पण गोलरक्षण सोडले नाही.

तेव्हा तू असे कर. प्रशिक्षकांना भेटून आठवड्यातले दोन दिवस केवळ कॉर्नरच्या सरावासाठी मागून घे. परीक्षेच्या दिवसांत कोण येणार आणि कोण नाही, याची यादी आधीच करून ठेव, म्हणजे राखीव खेळाडूंवाचून पुन्हा अडणार नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांशी तू स्वतः बोल. तू गेलास तर त्यांच्यातले निम्मे मैदानाकडे फिरकणारही नाहीत, याची मला खरी काळजी आहे. सुगी उरकली की आपल्या वाड्यावरची पोरे शेतात खेळायला लागतीलच, त्यांच्यात उतरून हवेतले चेंडू पकडण्याचा सराव करता येईल.

हे सारे करूनही खेळावेसे वाटले नाही, तर मी आग्रह धरणार नाही. शनिवारी घरी येशील तेव्हा हातमोजे बरोबर आण. उजव्याची शिवण उसवलेली मी म्हापशाला पाहिली आहे.

तुझा,
बाबा