आठ भेटी पूर्ण व्हाव्यात म्हणून : वाचनालयातील समुपदेशन कक्षासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, चाकरमानी बंधू-भगिनी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या वाड्यांसाठी आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस मानसिक समुपदेशन कक्ष सुरू करायचे ठरले आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच दार उघडावे असा प्रयत्न आहे. त्यासाठी पैसे हवेत आणि पैशाइतकीच माणसेही हवीत.

रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय 1886 पासून आहे, तिथे तज्ज्ञ डॉक्टर आहेत. पण आपल्याकडून चिपळूणमार्गे जा नाहीतर तवसाळ-जयगड फेरीबोटीने जा, जाऊन-येऊन दिवस मोडतो. गोळ्या आणायला महिन्यातून एकदा माणूस तेवढा प्रवास करील. बोलण्याचा उपचार मात्र आठवड्याला एकदा, ओळीने सहा ते आठ वेळा घ्यावा लागतो. एक मजुरी बुडते, भाडे जाते, घरात कुणीतरी विचारते की नुसते बोलायला एवढ्या लांब कशाला? दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर जाणे थांबते, आणि उपचाराचा गुण नाही असा समज मागे राहतो. अर्ध्यात सोडलेल्या उपचाराचा गुण दिसणार तरी कसा? म्हणून कक्ष गावातच हवा आणि प्रत्येकाच्या आठही भेटींचा खर्च आधीच बाजूला काढलेला हवा.

या भेटींत काय होते, हे देणगीदाराला नीट कळायला हवे. पहिल्या भेटीत गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न विचारले जातात : झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणे, स्वतःला कमी लेखणे वगैरे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली की नैराश्याचा गांभीर्याने विचार करायचा. नक्की निदान तज्ज्ञ करतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो आणि तो गाळायचा नसतो. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. स्पष्ट विचारले की माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर घरातली बागेवरची आणि भातावरची फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्या घरी ठेवायची, माणसाला एकटे सोडायचे नाही, आणि डॉक्टरांकडे न्यायचे.

दुसऱ्या भेटीपासून दिवसाचा तक्ता भरला जातो : कोणत्या वेळी काय केले आणि मन कसे होते. उदास माणूस बाहेर पडणे सोडतो, त्यामुळे बरे वाटायचे प्रसंग कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. हे चक्र कामाच्या बाजूने तोडायचे असते. मन लागेल तेव्हा उठू म्हणून वाट पाहिली तर ती वेळ येत नाही. इथे नेहमी चूक होते ती मोठे काम ठरवण्याची. ‘उद्यापासून रोज पहाटे फिरायला जाईन’ हे तिसऱ्या दिवशी मोडते आणि अपयशाची भर पडते. ‘मंगळवारी चहानंतर दहा मिनिटे जाळ्याची शिवण’ किंवा ‘गुरुवारी भजनाला फक्त बसून येणे’ असे दिवस, वेळ आणि माप ठरलेले काम टिकते. दुसरी चूक घरच्यांच्या मायेतून होते : बिचारा आजारी आहे म्हणून त्याच्या हातातले सगळे काम काढून घेतले जाते.

हीच पद्धत आपल्या किनाऱ्यावर, शेजारच्या गोव्यात तपासून झाली आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेच्या चमूने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर केलेला अभ्यास 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. भेटी न मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. आमचा सगळा भरवसा ‘प्रशिक्षण आणि देखरेख’ या दोन गोष्टींवर आहे. त्या नसतील तर कक्ष म्हणजे उपदेश करायची आणखी एक जागा होईल, आणि उपदेशाची गावात कमतरता नाही.

पुढच्या भेटी भावना ओळखण्याच्या असतात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, ती पुढे चार क्षमतांत बसवली गेली : भावना ओळखणे, विचाराला तिचा उपयोग करणे, ती कशातून आली हे समजणे, ती हाताळणे. यातली पहिली पायरी सर्वांत कच्ची असते. मोहोर गळला, सोसायटीचे कर्ज राहिले, आणि घरचा कर्ता मुलांवर खेकसू लागला, तर सगळे म्हणतात तापट झाला. राग वर दिसतो, खाली धास्ती आणि लाज असते. धास्तीवर करण्यासारखे बरेच असते; त्या माणसाला ‘राग आवर’ सांगून काही हाती लागत नाही.

तिथून विवेकनिष्ठ पद्धतीकडे जाता येते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. घटना, तिच्याबद्दलची समजूत आणि परिणाम यांची फोड करायची. ‘हप्ता थकला’ ही घटना. ‘म्हणजे मी नालायक, तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ ही समजूत. रात्र-रात्र झोप नाही हा परिणाम. घटना कुणी पुसू शकत नाही, समजूत मात्र तपासता येते. समुपदेशक वकिलासारखा वाद घालू लागला की माणूस मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही. उलट ‘सगळं छान होईल’ म्हणणेही बिनकामाचे. प्रश्न त्याच्या तोंडून निघायला हवा : ‘शेजाऱ्याचा हप्ता थकला असता तर मी त्याला नालायक म्हटले असते का?’

काही त्रास या कक्षात हाताळायचे नाहीत, तिथे रुग्णालयच हवे. नसलेले आवाज ऐकू येणे, दिवसेंदिवस झोप नसूनही अफाट उत्साह, अन्नपाणी सोडणे, मरणाची ठरलेली योजना. आणि दारू : रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत कापरे, भास, फिट येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरांना विचारून. ज्यांना डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांना त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही त्या मनाने बंद करायच्या नसतात. तिकडे लक्ष ठेवण्याचे काम कक्ष करील. कुणी देवाला कौल लावला, गाऱ्हाणे घातले, तर आमची ना नाही. दोन्ही चालू राहू द्या, उपचार थांबवू नका.

आता खोलीबद्दल. जांभ्याच्या भिंती जाड आहेत, पण मधली भिंत कौलांपर्यंत जात नाही. त्यामुळे आत बोललेले वरून सरळ वाचनकक्षात ऐकू येते. जिथे कुजबुजही पलीकडे जाते तिथे कुणी मन मोकळे करणार नाही. म्हणून प्लायवूडचे छत आणि घट्ट बसणारे दार पहिल्यांदा हवे. पडवीवर पत्रा आहे, पावसात त्याच्या आवाजाने समोरच्याचे ऐकू येत नाही. तिथे कौले घालायची आहेत. प्रवेश मात्र वाचनालयाच्या मुख्य दारातूनच ठेवत आहोत, म्हणजे आत जाणारा पुस्तक बदलायला गेला की बोलायला, हे बाहेरच्याला कळणार नाही. नोंदींवर नाव नसेल, फक्त क्रमांक. खाऱ्या हवेत लोखंडी कपाट गंजते आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून कुलपाचे हवाबंद प्लास्टिक डबे घेत आहोत. गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे; तो या डब्यांपासून सुरू होतो.

खर्चाचा हिशेब असा. समुपदेशकाचे एका दिवसाचे मानधन 3,000 आणि प्रवास 600 रुपये. पाऊण तासाची भेट आणि पाव तास नोंदी असे दिवसाला सहा जण, म्हणजे एका भेटीला 600 रुपये आणि एका माणसाच्या आठ भेटींना 4,800 रुपये. वर्षाला 48 दिवस धरले तर 36 माणसांचे उपचार पूर्ण होतात, खर्च 1,72,800. छत, दार, कौले, पंखा, खुर्च्या आणि डबे मिळून एकदाच 65,000. स्वयंसेवकांचे प्रशिक्षण 30,000. एकूण 2,67,800 रुपये. येणाऱ्याकडून शुल्क नाही.

शक्य असेल त्यांनी एका माणसाचे 4,800 पूर्ण द्यावेत. चार घरांनी मिळून दिले तरी चालतील. कुणासाठी खर्च झाले हे मात्र कधीच सांगितले जाणार नाही. देणगीदाराला मिळेल तो फक्त किती भेटी झाल्या याचा तिमाही आकडा.

प्रत्येक वाडीतून दोन स्वयंसेवक हवेत, त्यांत एक तरी बाई. काम ऐकण्याचे, नऊ प्रश्न विचारण्याचे आणि भेट चुकली तर दुसऱ्या दिवशी फोन करण्याचे. हा फोन फार महत्त्वाचा, कारण चुकलेल्या एका भेटीनंतरच माणूस गळतो. स्वयंसेवकाला स्वतःच्या वाडीचे काम दिले जाणार नाही. भावकीच्या तंट्यात पुढे असणाऱ्यांनी कृपया नाव देऊ नये. रिक्षावाल्यांनी कक्षाच्या दिवशी एखादी फेरी पदरमोड करून केली तर म्हाताऱ्या माणसांची सोय होईल. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या, कोकणातल्या मानसतज्ज्ञांनी पंधरवड्यातून एक तास व्हिडिओवर स्वयंसेवकांची देखरेख करावी, ही खास विनंती. जुने सोफे, गाद्या, टीव्ही पाठवू नयेत, ठेवायला जागा नाही.

देणगी वाचनालयात कार्यालयीन वेळेत द्यावी आणि छापील पावती घ्यावी. 2,000 रुपयांवरची रक्कम रोखीने घेतली जाणार नाही, ती धनादेशाने किंवा वाचनालयाच्या बँक खात्यावर द्यावी. खात्याचा तपशील कार्यालयात मिळेल. स्वयंसेवकांची नावे 20 मेपर्यंत हवीत, कारण प्रशिक्षण महिनाअखेरीला आहे. कक्ष सुरू होईपर्यंत कुणालाही तातडीची गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

आपली,
समुपदेशन कक्ष समिती,
सार्वजनिक वाचनालय