गच्चीची चावी मे महिन्यात तरी द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आमच्या सोसायटीने यंदा गच्चीला कुलूप लावलंय. कारण काय तर मुलं टाकीजवळ जातात आणि सोलर पॅनलला धक्का लागतो. मान्य, पण वाळवण घालायचं कुठे? नोटीस लागली रविवारी आणि माझे गहू शुक्रवारपासून भिजत होते!

ज्यांनी घरी कुरडया केल्यात त्यांना कळेल, तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून सकाळी वरची निवळ ओतून टाकायची, हिंग-मीठ घालून शिजवायचा आणि गरम आहे तोवरच सोऱ्याने पाडायचा, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. "पुढच्या मीटिंगला विषय घेऊ" म्हटलं तर चीक थांबतो का, आंबतो तो! शेवटी हॉलमध्ये पंख्याखाली घातल्या. चार दिवस घरातले सगळे भिंतीला चिकटून चालत होते, तरी निम्म्या कुरडयांना वास आलाच.

कमिटीवाले म्हणतात, काकू आता सगळं विकत मिळतं. मिळतं की, उडदाचे पापड मी पण बचत गटाकडूनच घेते, ते पीठ कुटायची ताकद आता राहिली नाही. पण त्या बायका तरी कुठे वाळवतात, उन्हातच ना?

आणि खरं सांगू का, आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांची ओळख गच्चीवरच झाली. वरच्या मजल्यावरच्या तमिळ ताई तांदळाचे वडाम घालायच्या, शेजारच्या मारवाडी भाभी मुगाच्या मंगोड्या, आणि कावळे हाकलायला सगळ्यांची पोरं एकत्र, त्यांना पगार म्हणजे वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून. लिफ्टमध्ये आम्ही नुसतं हसतो हो एकमेकींना.

यंदा सोऱ्या दाबायला मुलाला बसवलं होतं. दहा मिनिटांत खांदा धरला त्याने.

माझं म्हणणं एवढंच, एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते संध्याकाळी सहा चावी वॉचमनकडे ठेवा, रजिस्टरमध्ये सही घ्या, मुलांना एकटं सोडू नका, पॅनलच्या बाजूला दोरी बांधा. इतर सोसायट्यांनी पण विचार करावा म्हणून पेपरात लिहितेय. बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या अजून बाकी आहेत, आणि मे अर्धा संपला.

– एक वाचक, नाशिक