आई-बाबा, मी सही केलीये

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, चष्मा लावून वाचा. मी काल सही केली. दसरा झाला की मुंबईसमोरच्या समुद्रात, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात, बार्जवर (कामगार राहतात त्या सपाट तळाच्या बोटीवर) सेफ्टी ऑफिसर म्हणून जॉइन होतेय. दिवाळीला घरी नसेन. हे लिहितानाच पोटात कसंतरी होतंय, पण गोल गोल फिरवून सांगण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

आई, तुझ्या डोळ्यासमोर काय येतं ते मला माहितीये. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. तो पी-३०५ बार्ज बुडाला, २६१ माणसं होती त्याच्यावर, नौदलाच्या आयएनएस कोची आणि कोलकाता भर वादळात माणसं उचलत होत्या, १८६ वाचली आणि सत्तरच्या वर गेली. तेव्हाच तू म्हणालीस की आपल्या घरातलं कुणी समुद्रावर नको, आणि नानांचं झाल्यापासून तुला पाण्याचं नाव नको असतं तेही मला कळतं. पण ते वादळ काही अचानक आलं नव्हतं गं. १७ तारखेला रात्री ते गुजरातेत उनाच्या बाजूला धडकलं आणि हवामान खात्याचे इशारे त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून येत होते. बऱ्याच बोटी बंदरात परतल्या, हा बार्ज तिथेच प्लॅटफॉर्मच्या आसपास राहिला, मग अँकर तुटले आणि तो वाहत सुटला. अशा बार्जला स्वतःचं इंजिन नसतं, टगने ओढत आणावा लागतो आणि तेही हळूहळू, म्हणजे निघायचं असतं ते समुद्र छान शांत दिसत असतो तेव्हाच. आणि शांत समुद्रात काम बंद करा, निघा, असं म्हटलं की सगळ्यांना दिवसाचं नुकसान दिसतं. तिथे "निघा" म्हणून हट्टाला पेटणारं कुणीतरी लागतं, आणि ते अलकापुरीच्या ऑफिसात बसून चेकलिस्टवर टिक करून होत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय.

बाबा, तुम्हाला तर हे सांगायलाच नको. रिफायनरीत परमिटशिवाय तुम्ही कुणाला पान्याला हात लावू द्यायचा नाहीत, मग साहेब ओरडला तरी. तुम्हीच मला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं सांगितलं होतं, १९८८ चा स्फोट, १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, रात्रपाळीला ते कळलंच नाही आणि पंप चालू केला. पण त्यातलं दुसरं जास्त भयंकर आहे, आग लागलेली दिसत असूनही शेजारचे प्लॅटफॉर्म त्याच लाइनीत तेल-गॅस ढकलत राहिले, कारण बंद करायचं कुणी ठरवेना. त्यानंतरच जगभर नियम बदलले. आपल्याकडेही २००८ पासून ऑफशोअरसाठी वेगळे सेफ्टीचे नियम आहेत आणि ओआयएसडीची, म्हणजे तेल उद्योगाच्या सरकारी सेफ्टी संचालनालयाची, देखरेख आहे. पण नियम कागदावर असतात, तिथे डेकवर माणूस लागतो.

म्हणूनच मी सही करायच्या आधी एक अट लिहून घेतली. माझा रिपोर्ट बार्जवरच्या कुणाच्या हातून जाणार नाही, थेट किनाऱ्यावर जाईल. हवामानाचा इशारा आला की काम थांबवा हे मी लेखी देऊ शकते आणि ते रेकॉर्डवर राहील. शेवटचा शब्द बार्ज मास्टरचाच असतो, ते मी तुमच्यापासून लपवत नाही, पण माझा कागद बाजूला ठेवून कुणी गप्प बसू शकणार नाही. आणि वेळेवर उतरवलेली माणसंही आहेतच की. २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ कच्छमधल्या जखौला पोचायच्या आधीच द्वारकेसमोरच्या रिगवरची ५० माणसं कोस्ट गार्डने काढली, सगळी सुखरूप. त्याची बातमी कुणाच्या लक्षातही राहिली नाही, आणि मला वाटतं तसंच व्हायला हवं.

आई, तिथे मी उंचावर लटकत वगैरे नसते. माझं काम म्हणजे, समज, डेकच्या कडेला पांढरे पिंपासारखे डबे असतात, त्यात घडी केलेली लाइफ राफ्ट असते. त्याच्यावर सर्व्हिसिंगची तारीख असते, ती वर्षाच्या आतली हवी. पट्ट्याला एक छोटी गोल डबी असते, बोट बुडाली तर साधारण दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने ती आपोआप पट्टा सोडते आणि राफ्ट वर येते. त्या डबीलाही एक्सपायरी असते, आणि दोरी चुकीच्या कडीला बांधलेली असेल तर राफ्ट बोटीबरोबरच खाली जाते. हे एकेक हाताने धरून बघायचं, तारीख उलटलेली असेल तर नवीन येईपर्यंत भांडायचं. भांडण्यात मी कुणावर गेलेय ते तुला माहितीच आहे.

ट्रेनिंग पण झालं. हेलिकॉप्टरसारख्या डब्यात बेल्ट लावून बसवतात आणि पाण्यात उलटा करतात. एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, फिरणं पूर्ण थांबू द्यायचं आणि मगच बेल्ट सोडायचा. बाबा, मला तेव्हा लालबागचा स्विमिंग पूल आठवला. मी भीतीने तुमच्या गळ्यात पडायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मनू, हात सोडत नाहीये, तू फक्त श्वास धर." ट्रेनिंगमध्ये मी अगदी तेच केलं, श्वास धरला. घरी येऊन तुमच्या दोघांच्या मध्ये झोपावंसं वाटलं त्या रात्री, या वयात.

राहण्याचं म्हणशील तर केबिन स्वच्छ आहे, बरोबर अजून एक मुलगी आहे, बाथरूम आतच, गरम पाणी चोवीस तास. मेसमध्ये वरण-भात-पोळी रोज, अंडं-चिकन वेगळं, उपासाला साबुदाणाही मिळतो म्हणे. एसी फार गार असतो म्हणून तू विणलेला निळा स्वेटर घेतलाय. डॉक्टर बार्जवरच असतो. वायफाय आहे, रात्री जेवण झालं की व्हिडिओ कॉल करीन. एखाद दिवशी नाही लागला तर नेटवर्क नाहीये एवढंच समजायचं, लगेच आत्याला फोन करून घाबरवायचं नाही. पावसाळ्यात ही बार्जची कामं बंदच असतात, म्हणजे पुढचा अख्खा पावसाळा मी बडोद्याला, गणपती आपले नेहमीसारखे. वादळाचा धोका असतो तो सीझनच्या दोन टोकांना, आत्ता ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि मग मे-जूनला, आणि तेव्हाच मी तिथे असायला हवी.

आता माझं ऐका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री चढत होती, महापालिकेची गाडी ओरडत फिरत होती आणि बाबा स्कूटर उंचावर ठेवायला गुडघाभर पाण्यात खाली उतरले. परत असं करायचं नाही. स्कूटर गेली तर नवी घेऊ. नदीने २६ फुटांची खूण गाठायच्या आधीच तुम्ही दोघांनी वरच्या भाभींकडे जायचं, माझ्या फोनची वाट न बघता. कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवलीये, औषधांची एक वेगळी पिशवी करून दारामागे अडकवा, त्यात आठवडाभराच्या गोळ्या, टॉर्च आणि पॉवर बँक. पॉवर बँक दर रविवारी चार्ज करायची, आई हे तुझ्याकडे. दिवाळीची जळमटं काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, त्या मुलाला मी पैसे देऊन ठेवलेत. आणि आई, चकल्या या वर्षी खंडेराव मार्केटजवळून आणायच्या, गुडघे दुखत असताना तासन् तास उभं राहायचं नाही. मला पाठवण्यासाठी तर मुळीच नाही. बरं, थोडं बेसन केलंस तर चालेल.

दादाला मी सगळं सांगितलंय, भाऊबीजेला तो येतोय, राहणारे चार दिवस. त्याच्यासमोर माझ्यावर चिडलात तरी चालेल, पण माझ्याशी बोलणं बंद करू नका एवढंच.

तुमची,
मनू

ता. क. शनिवारी बाबांची शुगर तपासायची आहे, उपाशीपोटी. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही, भाकरवडीसुद्धा नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवा, दोन्ही पानांचा.